कॅन्सरच्या सीटी स्कॅनवर प्रोजेक्ट करताय? एआय मॉडेलच्या आधी हे उरका

ऐरोली, नेरूळ, ठाण्याकडची इंजिनियरिंगची पोरं विचारतात, खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमधून (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) पेशंटचे स्कॅन मिळतील का. बाबांनो, असं काउंटरवर जाऊन मिळत नाही, एथिक्स कमिटीची मंजुरी वगैरे लागते आणि लागायलाच हवी. सुरुवातीला त्याची गरजही नाही, कारण 'द कॅन्सर इमेजिंग अर्काइव्ह' या वेबसाइटवर एलआयडीसी-आयडीआरआय नावाचा फुफ्फुसांच्या सीटीचा डेटा फुकट आहे, १०१० पेशंट, १०१८ स्कॅन. सगळा मिळून शंभर जीबीच्या वर जातो, तेव्हा आधी थोडेच पेशंट उतरवा.

थ्रीडी स्लायसर हे स्कॅन बघायचं सॉफ्टवेअर टाका, तेही फुकट, आणि लंग विंडो, म्हणजे फुफ्फुस नीट दिसेल असं ब्राइटनेसचं सेटिंग, लावून (लेव्हल मायनस ६००, विड्थ १५००) स्कॅन वरखाली सरकवत बघत बसा. कंटाळा येईल, तरी बघा. आडवी कापली गेलेली रक्तवाहिनी एका स्लाइसवर (स्कॅनच्या एका कापावर) आपण शोधतोय त्या फुफ्फुसातल्या गाठीसारखीच गोल दिसते, पण सरकवत गेलं की ती पुढे चालत राहते, गाठ मात्र थोड्या स्लाइसमध्ये संपते. हे कळलं की एका वेळी एकच स्लाइस बघणारं टूडी मॉडेल कुठे फसणार ते आपोआप कळतं.

पायडायकॉमने (स्कॅनच्या फाइली वाचणारी पायथन लायब्ररी) वाचलेले आकडे कच्चे असतात, फाइलमध्येच दिलेल्या स्लोपने गुणा, इंटरसेप्ट मिळवा, मग हाउन्सफील्ड युनिट, म्हणजे सीटीचं घनतेचं माप, येतं: पाणी ०, हवा मायनस १०००. स्लाइसची जाडी स्कॅनगणिक वेगळी असते, सगळं १ मिमीवर आणा.

आता खरी गंमत लेबलांची, म्हणजे डॉक्टरांनी गाठींवर केलेल्या खुणांची. प्रत्येक स्कॅन चार रेडिओलॉजिस्टनी बघितलाय, त्यात ३ मिमी किंवा मोठी गाठ म्हणून निदान एकाने तरी खूण केलेल्या जागा २६६९, आणि चौघांचं एकमत फक्त ९२८ वर! मी तरी तिघांचं जुळलं तरच गाठ धरतो, तुम्ही काय धरलंत ते रिपोर्टात लिहा. मॅलिग्नन्सीचं (गाठ कॅन्सरची असण्याच्या शक्यतेचं) १ ते ५ रेटिंगसुद्धा डॉक्टरांचा अंदाज आहे, बायोप्सी नव्हे, त्यामुळे 'आमचं मॉडेल कॅन्सर ओळखतं' असं छापू नका.

ट्रेन-टेस्ट वाटणी (मॉडेलला शिकवायचा डेटा वेगळा, तपासायचा वेगळा) पेशंट आयडीवर करा, स्लाइसवर कधीच नाही, एकाच गाठीच्या शेजारशेजारच्या स्लाइस दोन्हीकडे गेल्या की पेपर फुटलाच म्हणून समजा. आणि नुसती अ‍ॅक्युरसी सांगू नका, बहुतेक स्लाइसमध्ये गाठ नसतेच, डोळे मिटून 'नाही' म्हणणारं मॉडेलही पास होईल. किती गाठी सापडल्या आणि दर स्कॅनमागे किती खोट्या निघाल्या, हे दोन आकडे द्या.