नॅशनल पार्कात जिओकॅश (जीपीएसने शोधायच्या खेळातला लपवलेला डबा) ठेवायचा विचार करताय?

आधी सरळ सांगते, बोरिवलीच्या जंगलात पायवाट सोडून डबा ठेवायचा असेल तर नकोच. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे तिथे, वनखात्याची लेखी परवानगी नसेल तर विषय संपला. आणि समजा मिळाली तरी बघा, तुम्ही डबा एकदाच ठेवता पण शोधणारे येतच राहतात, जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतं, मग जो तो आजूबाजूचा एकेक दगड उलटून बघतो, त्याखाली विंचू असतो, बेडूक असतो, पावसाळ्यात तर शेवाळाचा थर बुटाखाली सोलूनच निघतो. खाडीत तिवरांखाली तर अजिबात नको, चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी मुळं झाडाला हवा पुरवतात, ती पायाखाली मोडतात.

त्यापेक्षा अर्थकॅश करा ना, त्यात डबाच नसतो, लोकांनी जागा नीट बघून प्रश्नांची उत्तरं द्यायची. अंधेरीचा गिल्बर्ट हिल घ्या, बेसॉल्टचे उभेच्या उभे खांब, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचे!

डबाच हवाय? मग पार्काबाहेर, जागेच्या मालकाला विचारून, पुरायचा नाही, आत खाऊ नाही, आणि वर जिओकॅश असं ठळक लिहा, मुंबईत बेवारस डबा दिसला की लोक पोलिसांना फोन करतात.