जहाज धक्क्याला लागायच्या आधी हे हाताशी ठेवा

आपल्या इकडचा गोंदिया-भंडाऱ्याचा तांदूळ जहाजाने पाठवायचा म्हटलं की सगळे बारदाना, ट्रक अन् रेकच्याच मागे, धक्क्याच्या भाड्याची आठवण बिल आल्यावर होते. म्हणून नागपुरातून निघायच्या आधीच एजंटला फोन करून जहाजाच्या टनेज सर्टिफिकेटची कॉपी व्हॉट्सअॅपवर मागवा आणि त्यातला जीटी, म्हणजे ग्रॉस टनेज, वहीत लिहून ठेवा. बर्थ हायर, म्हणजे धक्क्याचं भाडं, म्हणजे जीटी गुणिले तास गुणिले रेट, आणि जीटी म्हणजे वजन नाही बरं भाऊ, जहाजाच्या पोटातली जागा. मी पहिल्या वेळी आमचा माल 25,000 टन म्हणून त्यानेच गुणलं, जहाज होतं 17,000 जीटीचं, खर्च उगाच फुगला आणि पार्टीने कोटेशन महाग म्हणून ऑर्डर दुसऱ्याला दिली. काय बोलणार.

मग चार्टरचा, म्हणजे जहाज भाड्याने घेतल्याच्या कराराचा, कागद काढा. व्हॉयेज चार्टर, म्हणजे एका फेरीपुरता करार, असेल तर पोर्टचा खर्च बहुतेक वेळा जहाजमालकाचा, टाइम चार्टर, म्हणजे ठराविक मुदतीचा, असेल तर तुमच्या बोडख्यावर. मालाचं व्हार्फेज, म्हणजे पोर्ट मालावर घेते ते शुल्क, मात्र वेगळंच, ते यात मिसळू नका.

पोर्ट कोणतं तेही पक्कं करा. विशाखापट्टणम मेजर पोर्ट, म्हणजे केंद्र सरकारच्या अखत्यारीतलं बंदर आहे, तिथलं दरपत्रक 2021 च्या कायद्यापासून पोर्टचं बोर्डच ठरवते, आणि परदेशी फेरीचा रेट डॉलरमधे दिसला तर दचकू नका, वसुली रुपयातच असते. काकीनाड्याच्या अँकरेज पोर्टला जहाज धक्क्याला लागतच नाही, माल बार्जमधून, म्हणजे सपाट बुडाच्या बोटीतून, जाते, म्हणून तिथे नांगराचे पैसे विचारा, बर्थचे नाही.

आता खरी गोष्ट, मीटर बंद कधी होते ते. मेजर पोर्टच्या दरपत्रकात नेहमीचं कलम असते की जहाजाने निघायला तयार असल्याचा सिग्नल दिल्यावर 4 तासांनी भाडं थांबते, पण भरतीसाठी नाहीतर खराब हवेमुळे थांबावं लागलं तर तो वेळ त्या 4 तासांत धरत नाहीत, आणि लोडिंग बाकी असताना घाईने खोटा सिग्नल दिला तर एका दिवसाचं भाडं दंड. म्हणून सिग्नलची वेळ लिहिलेल्या कागदाचा फोटो त्याच दिवशी मागवून घ्या, एजंट "उद्या पाठवतो साहेब" म्हणेल, तरी फोन ठेवू नका.