मागणीनुसार छपाई: आधी पृष्ठे पक्की, मग मुखपृष्ठ

ऑफसेट या नेहमीच्या छपाईत प्लेट, म्हणजे मजकूर उमटवणारा पत्रा, तयार करण्याचा आणि यंत्र लावण्याचा खर्च पहिली प्रत निघण्याआधीच होऊन जातो. म्हणून हजार प्रती काढल्या तर प्रत स्वस्त पडते आणि पन्नास काढायच्या म्हटले तर परवडत नाही. मागणीनुसार छपाईत, म्हणजे प्रिंट ऑन डिमांडमध्ये, प्लेटच नसते. डिजिटल यंत्र थेट पीडीएफ फाइलवरून छापते, त्यामुळे एक प्रत काढा किंवा शंभर, दर प्रतीचा खर्च जवळजवळ तोच राहतो. वाचकाने ऑनलाइन मागणी नोंदवली की आतली पृष्ठे आणि मुखपृष्ठ वेगवेगळे छापले जाते, गरम गोंदाने पृष्ठे कण्याला, म्हणजे मुखपृष्ठाच्या पाठीकडच्या पट्टीला, चिकटवली जातात, तिन्ही कडा कापल्या जातात आणि ती एकटी प्रत वाचकाच्या पत्त्यावर रवाना होते. लेखकाच्या घरी गठ्ठे साचत नाहीत. मात्र प्रत ऑफसेटपेक्षा महाग पडते, आणि प्रकाशक एरवी जे सांभाळतो ते सगळे लेखकाच्या अंगावर येते.

या कामात क्रम चुकला की खर्च वाढतो. पुस्तकाचे अंतिम रूप पृष्ठसंख्येवर ठरते, आणि पृष्ठसंख्या पक्की होण्याआधीच हौसेने मुखपृष्ठ करून घेणे ही नवख्या लेखकांची नेहमीची चूक आहे.

म्हणून प्रथम संपादन आणि मुद्रितशोधन पूर्ण करून मजकूर गोठवावा. त्यानंतर पुस्तकाचा आकार निवडावा. ५ × ८, ५.५ × ८.५ आणि ६ × ९ इंच हे आकार अशी छपाई करून देणाऱ्या बहुतेक सेवांकडे मिळतात, आणि प्रचलित आकार सोडून वेगळे काही निवडण्यात कादंबरीला किंवा लेखसंग्रहाला फारसा लाभ नाही. मग मांडणी करावी. पुस्तक जितके जाड, तितका कण्याकडचा समास मोठा लागतो: अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या सेवेत १५० पृष्ठांपर्यंत तो किमान ०.३७५ इंच आणि १५१ ते ३०० पृष्ठांसाठी किमान ०.५ इंच ठेवावा लागतो. हा नियमातला किमान आकडा आहे. वाचकाला पुस्तक ताणून उघडावे लागू नये असे वाटत असेल तर त्याहून थोडा जास्तच ठेवावा. पीडीएफ करताना सर्व फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत झाले आहेत याची खात्री करावी, कारण एरवी देवनागरीतली जोडाक्षरे तुटण्याची भीती असते. चित्रे ३०० डीपीआयपेक्षा, म्हणजे इंचामागे ३०० ठिपक्यांपेक्षा, कमी नसावीत.

आता मुखपृष्ठ. ही फाइल म्हणजे मलपृष्ठ, कणा आणि दर्शनी बाजू यांचा एकच सलग ताव असतो, आणि त्याची रुंदी आकडेमोड करून काढावी लागते. केडीपीच्या क्रीम कागदावर काळ्या शाईच्या छपाईसाठी दर पृष्ठामागे ०.००२५ इंच जाडी धरतात. पुस्तक २४० पृष्ठांचे असेल तर कणा ०.६ इंचाचा होतो. आकार ५.५ × ८.५ धरला, तर दोन्ही बाजूंचे प्रत्येकी ५.५ इंच, कणा, आणि कापताना पांढरी रेघ राहू नये म्हणून कडेला ठेवायचे ०.१२५ इंचाचे दोन ब्लीड, म्हणजे जादा छापलेल्या पट्ट्या, अशी एकूण रुंदी ११.८५ इंच आणि उंची ८.७५ इंच येते. येथे पृष्ठे मोजायची असतात, पाने नव्हे. एका पानाची दोन पृष्ठे होतात, आणि पाने मोजणाऱ्याचा कणा निम्माच निघतो. नंतर मजकुरात २४ पृष्ठांची भर पडली तर कणा सुमारे दीड मिलिमीटरने वाढतो, आणि जुन्याच फाइलवर छापले तर कण्यावरचे नाव मधोमध बसत नाही. साधारण ८० पृष्ठांहून कमी पुस्तकाच्या कण्यावर तर केडीपी मजकूर छापूच देत नाही.

आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचा, निर्णय येथेच घ्यावा. हा क्रमांक १ जानेवारी २००७ पासून १३ अंकी आहे, आणि साध्या व कडक बांधणीच्या आवृत्त्यांना तो वेगवेगळा लागतो. सेवा फुकट देते तो क्रमांक त्याच सेवेपुरता चालतो. एकाहून अधिक ठिकाणांहून तीच आवृत्ती विकायची असेल तर स्वतःच्या नावावर क्रमांक घेणे चांगले.

किंमत ठरवताना उलटा हिशेब करावा. समजा छपाईखर्च १०० आहे, चलन कोणतेही धरा, आणि सेवा छापील किमतीच्या ६० टक्के रकमेतून तो खर्च वजा करून उरलेले लेखकाला देते. किंमत ३०० ठेवली तर १८० मधून १०० जाऊन हाती ८० येतात. १६७ च्या खाली किंमत ठेवता येणारच नाही. हेच पुस्तक दुकानांपर्यंत जावे म्हणून वितरकाला ५५ टक्के सवलत दिली तर १३५ मधून १०० जातात आणि ३५ उरतात. त्यातही दुकानदार न खपलेली प्रत परत करू शकेल अशी अट मान्य केली असेल, तर परत आलेल्या प्रतींचा भुर्दंड लेखकावर पडतो, हे आधी वाचून घ्यावे.

विक्री सुरू करण्यापूर्वी छापील प्रूफ, म्हणजे तपासण्यासाठीची नमुना प्रत, अवश्य मागवावे. पडद्यावरचे पूर्वदर्शन त्याची जागा घेत नाही. पडदा स्वतः उजळ असल्यामुळे त्यावर स्पष्ट दिसणारा राखाडी फोटो कागदावर काळवंडलेला निघतो, आणि कण्याजवळची अक्षरे आत गडप होत आहेत की नाहीत हे पुस्तक हातात धरल्याशिवाय कळत नाही. प्रूफ मधोमध उघडून एका हाताने वाचून पाहावे, कण्यावरचे नाव सरकले आहे का ते पाहावे, आणि पृष्ठक्रमांक पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासावेत.

प्रकाशनानंतर दोष सापडला तरी दुरुस्त फाइल चढवता येते, आणि ती मंजूर झाल्यावर निघणारी प्रत्येक प्रत दुरुस्त असते. अशा दुरुस्तीने पृष्ठसंख्या बदलली असेल, तर मुखपृष्ठाची फाइलही नव्या रुंदीने करून आतल्या पृष्ठांच्या फाइलसोबतच चढवावी.