पायथनमधून सी लायब्ररी कॉल करताना या चुका टाळा

सीमधली जुनी, भरवशाची लायब्ररी पायथनमधून वापरायची असेल, तर सीटाइप्स (ctypes) हे पायथनचं मॉड्यूल हाताशी असतं. 2006 मध्ये आलेल्या पायथन 2.5 पासून ते पायथनसोबतच मिळतं. दोन ओळींत पहिलं फंक्शन चालतं, आणि घात होतो तो तिथेच.

लायब्ररीच्या फाइलमध्ये फंक्शनचं नाव असतं. ते काय घेतं आणि काय परत देतं, याची नोंद नसते. तुम्ही सांगितलं नाहीत तर परत येणारी किंमत इंट, म्हणजे 32 बिटची आहे असं सीटाइप्स धरून चालतं. फंक्शन पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, देत असेल तर 64 बिट मशिनवर त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो. पत्ता लहान असला तर काहीच बिघडत नाही, म्हणून ही चूक तुमच्या लॅपटॉपवर लपते आणि सर्व्हरवर सेगमेंटेशन फॉल्ट होऊन उठते. लायब्ररी लोड केल्याबरोबर प्रत्येक फंक्शनचे आर्गटाइप्स (ते काय घेतं) आणि रेसटाइप (ते काय परत देतं) लिहा. काहीच परत येत नसेल तर रेसटाइप नन (None) ठेवा. यात आळस करू नका, अगदी दोन फंक्शनं असली तरी.

मराठी मजकूर असेल तर आणखी जपा. आर्गटाइप्स न लिहिता ‘पुणे’ ही स्ट्रिंग थेट स्ट्रलेनला, म्हणजे शून्य बाइट लागेपर्यंत लांबी मोजणाऱ्या सीच्या फंक्शनला, द्या: लिनक्सवर उत्तर येतं 2. वाचणाऱ्याला अक्षरंही दोनच दिसतात, त्यामुळे बरोबर आल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ती स्ट्रिंग चार-चार बाइटच्या अक्षरांत गेलेली असते आणि ‘प’चे दोन बाइट संपताच शून्य लागतं. हाच कोड विंडोजवर 8 सांगतो. आधी यूटीएफ-8 मध्ये एन्कोड करा, मग खरं उत्तर मिळेल: 12 बाइट. सीकडचा बफर त्याच हिशेबाने घ्या, शेवटच्या शून्यासाठी एक बाइट जास्त धरून.

कॉलबॅक, म्हणजे सीने उलट हाक मारायचं पायथनचं फंक्शन, दिलात तर त्याचा ऑब्जेक्ट पायथनमध्ये कुठेतरी धरून ठेवा. नाहीतर न वापरलेली मेमरी साफ करणारा गार्बेज कलेक्टर तो उचलून नेतो आणि सी मात्र जुन्याच पत्त्यावर हाक मारत राहते. हा बिघाड कधी पहिल्या हाकेला दिसतो, कधी हजाराव्या.

लायब्ररीने दिलेली मेमरी तिच्याच फंक्शनने मोकळी करा. अशा स्ट्रिंगसाठी रेसटाइप सी_कॅर_पी (c_char_p, स्ट्रिंगचा पॉइंटर) ठेवलात तर हातात फक्त बाइट्सची प्रत येते, मूळ पत्ता हरवतो आणि मेमरी गळत राहते. तिथे सी_व्हॉइड_पी (c_void_p, नुसता पत्ता) वापरा.

सीच्या लाँग या पूर्णांक टाइपवर विसंबू नका: 64 बिट लिनक्सवर तो 8 बाइटचा, विंडोजवर 4 चा.

प्रोग्राम एकदम कोसळला तर ट्रेसबॅक, म्हणजे चूक कुठे झाली ते सांगणारी पायथनची यादी, मिळत नाही. पायथनचा फॉल्टहँडलर चालू ठेवा, म्हणजे कोसळताना कुठली ओळ चालू होती ते दिसेल. आधी त्या ओळीतल्या फंक्शनचे टाइप लायब्ररीच्या हेडर फाइलशी (जिथे फंक्शनांचे टाइप लिहिलेले असतात) ताडून पाहा. ते बरोबर निघाले, तर त्याआधीच्या कॉल्सकडे वळा; मेमरी बरेचदा आधीच बिघडलेली असते.