कोडचे रिफॅक्टरिंग कधी हाती घ्यावे?

यवतमाळ किंवा वर्धा जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी बसून जिनिंगचे कापूस खरेदीचे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला जुना कोड उघडला की तो नव्याने लिहावासा वाटतोच. पण कोड गबाळा आहे, एवढे कारण पुरेसे नाही. रिफॅक्टरिंग म्हणजे कोडचे वर्तन तसेच ठेवून आतली मांडणी सुधारणे, आणि त्या भागात दुसरे काही काम निघाले की मगच त्याची वेळ आली असे समजावे.

प्रथम गिट लॉगमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीत, त्या फाइलचा इतिहास पाहावा. वर्षानुवर्षे हात न लागलेली, बिनतक्रार चालणारी फाइल तशीच राहू द्यावी. दर हंगामात बदलावी लागणारी फाइल मात्र विचारात घ्यावी.

त्यानंतर तेच गणित किती ठिकाणी लिहिले आहे ते शोधावे. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो आणि त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात होते. हे गणित काट्याच्या पावतीत आणि शेतकऱ्याच्या पट्टीत वेगवेगळे लिहिलेले असेल तर एकवेळ चालवून घ्यावे, पण रोजच्या अहवालासाठी ते तिसऱ्यांदा लिहायची पाळी आली की त्याचे सगळीकडून वापरता येईल असे एकच फंक्शन करावे.

मात्र त्याआधी टेस्ट, म्हणजे कोडची उत्तरे आपोआप तपासणाऱ्या चाचण्या, हव्यात. ८, ८.१, १२ आणि १२.१ टक्के ओलाव्याच्या नोंदी व गेल्या हंगामातील काही पावत्या घेऊन जुन्या कोडची उत्तरे जशीच्या तशी नोंदवून ठेवावीत. इथेच खाचखळगे सापडतात. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. ओलाव्यापोटी दीड टक्का कपात झाली तर ती क्विंटलमागे १२१.६५ रुपये होते. एका ठिकाणी ती १२२ धरली आणि दुसरीकडे पैशांसह ठेवली, तर २० क्विंटलच्या गाडीत ७ रुपयांचा फरक पडतो. यातले बरोबर कोणते, हे मुनीमजींना विचारून ठरवावे आणि ती दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या स्वतंत्र नोंदीत, करावी. रिफॅक्टरिंगच्या कमिटमध्ये एकही आकडा बदलता कामा नये.

डिसेंबर-जानेवारीत काट्यावर गाड्यांची रांग असताना हे काम काढू नये. खरेदी आटोपल्यावर लहान लहान बदल करून प्रत्येक बदलानंतर टेस्ट चालवाव्यात, आणि एखादी फसली तर कारण शोधत न बसता आधीच्या कमिटवर परत जाऊन त्याहून लहान बदलाने सुरुवात करावी.