जर्मनीत एक्सचेंज सेमिस्टर: खोली, कागदपत्रं आणि रोजचं जगणं

एक्सचेंज म्हणजे हातात जेमतेम पाच-सहा महिने, त्यातला पहिला महिना सरकारी ऑफिसं आणि पत्रांच्या मागे गेला तर मित्र कधी करणार, फिरणार कधी आणि भाषा कानावर कधी पडणार? म्हणून जर्मनीला जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते, पहिल्या दोन आठवड्यांची कामं नीट क्रमाने उरका, कारण तिथे एक कागद हातात आल्याशिवाय दुसरा मिळत नाही. आणि सगळ्याची सुरुवात खोलीपासून होते.

युनिव्हर्सिटीचं लेटर आलं की त्याच दिवशी श्टुडिएरेंडेनवेर्कच्या हॉस्टेलला अर्ज टाका (ही संस्था हॉस्टेल, कॅन्टीन वगैरे चालवते), बऱ्याच ठिकाणी एक्सचेंजवाल्यांसाठी काही खोल्या बाजूला ठेवलेल्या असतात पण त्या भराभर जातात. ते नाही जमलं तर वेगे, म्हणजे शेअर्ड फ्लॅटमधली एक खोली. इथे एक गोष्ट फार कामाची आहे: जर्मन मुलं स्वतः पण सेमिस्टरभर बाहेरच्या देशात जातात आणि तेवढ्या काळापुरती आपली खोली फर्निचरसकट भाड्याने देतात, त्याला त्स्विशेनमीटे म्हणतात, आणि तुमच्या तारखांशी ती बरोबर जुळते, बेड-टेबल विकत घ्यायची भानगड नाही. फक्त पहिल्याच मेसेजमध्ये विचारा की इथे आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, करता येईल का. नाही म्हणाले तर कितीही स्वस्त असली तरी ती खोली सोडा. भाडं विचारताना वार्ममीटे विचारा, त्यात हीटिंग आणि पाणी धरलेलं असतं, काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन काल्टमीटे एवढंच मागता येतं. आणि "मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी पोस्टाने येईल" असं कोणी म्हणालं की तो फ्रॉडच समजा, व्हिडिओ कॉलवर खोली आणि माणूस दोन्ही बघितल्याशिवाय एक युरोही पाठवू नका.

राहायला गेलात की पहिल्या दिवशी दोन कामं. खोलीतला प्रत्येक डाग, ओरखडा, तुटलेलं हँडल याचे फोटो काढून घरमालकाला मेल करा, जाताना डिपॉझिट याच्यावरच मिळतं. आणि लेटरबॉक्सवर आपलं नाव लावा. ही गोष्ट कोणीच सांगत नाही, पण तिथे पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र परत जातं आणि बँकेचा पिन, टॅक्स नंबर, इन्शुरन्सचं कार्ड हे सगळं पोस्टानेच येतं.

मग आनमेल्डुंग. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत करायची असते. घरमालकाकडून सही केलेला एक फॉर्म लागतो, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग असं त्याचं लांबलचक नाव आहे, भाडेकरार वेगळा आणि हा फॉर्म वेगळा, तो चावी घेतानाच मागून घ्या. मोठ्या शहरात अपॉइंटमेंट पटकन मिळत नाहीत, बर्लिनसारख्या ठिकाणी तर पत्ता नक्की झाला की निघायच्या आधीच बुक करून टाका. श्पेरकोन्टो, म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायचं खातं, त्यातून दर महिन्याला ठरावीकच रक्कम मिळते) केलं असेल तर त्यातले महिन्याचे 992 युरो स्थानिक बँक अकाउंट उघडल्याशिवाय सहसा हातात येत नाहीत, तेव्हा पहिल्या महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट यांची सोय वेगळी ठेवा. छोट्या बेकऱ्या, कॅफे यांच्यात अजून बऱ्याच ठिकाणी कॅशच चालते.

हेल्थ इन्शुरन्सबद्दल घाई करू नका. साधा ट्रॅव्हल इन्शुरन्स युनिव्हर्सिटीत नाव घालायला सहसा चालत नाही, आणि प्रायव्हेट घेऊन सरकारी इन्शुरन्समधून सूट घेतली की ते शिक्षण संपेपर्यंत परत सरकारीत येता येत नाही. कुठला चालेल ते इंटरनॅशनल ऑफिसला मेलवर विचारून लेखी घ्या. आजारी पडलात तर आधी हाउसआर्ट्स्ट म्हणजे फॅमिली डॉक्टर, रात्री किंवा वीकेंडला 116117, आणि जिवावरचं असेल तर 112. तापाची साधी गोळीसुद्धा सुपरमार्केटमध्ये मिळत नाही, त्यासाठी आपोटेके शोधावं लागतं.

आनमेल्डुंग झाली की थोड्या दिवसांनी रुंडफुंकबायट्रागचं पत्र येतं, रेडिओ-टीव्हीची फी, महिन्याला 18.36 युरो. बरेच जण टीव्ही नाही म्हणून ते फेकून देतात, तसं अजिबात करू नका, टीव्ही असो नसो ती भरावीच लागते. पण ती माणशी नाही, फ्लॅटमागे आहे. वेगेमध्ये कोणी आधीच भरत असेल तर पत्राला उत्तर देताना त्याचा फीच्या खात्याचा नंबर कळवायचा आणि आपला वाटा त्याला द्यायचा.

आता अभ्यास, कारण शेवटी क्रेडिट घेऊनच परत यायचंय. लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर (तिकडे कोणते कोर्स घेणार याचा करार) तुमची, तुमच्या कॉलेजची आणि तिकडच्या युनिव्हर्सिटीची अशा तीन सह्या असतात, पण तिथे गेल्यावर निम्मे कोर्स बदलतात हे गृहीतच धरा, कोणता कोर्स त्या सेमिस्टरला नसतो, कोणाची वेळ दुसऱ्यावर येते, एखादा जर्मनमध्ये निघतो. बदल चालतो, पण तिन्ही बाजूंचा होकार लेखी हातात येईपर्यंत मागे लागा, नुसतं प्रोफेसर हो म्हणाले म्हणून परतल्यावर क्रेडिट मिळत नाही. 30 ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट) म्हणजे पूर्ण सेमिस्टर, एका क्रेडिटला 25 ते 30 तासांचं काम धरलेलं असतं, त्यामुळे तुमच्या कॉलेजला कमी चालत असतील तर कमीच घ्या. कोर्सला नाव घालणं आणि परीक्षेला नाव घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि परीक्षेला नाव घालायची शेवटची तारीख चुकली की चुकली. मार्क उलटे असतात, 1.0 सगळ्यात चांगला, 4.0 म्हणजे जेमतेम पास. टाइमटेबलवर वेळेपुढे सी.टी. लिहिलं असेल तर लेक्चर पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतं, एस.टी. असेल तर बरोबर वेळेला. हिवाळी सेमिस्टरची लेक्चर साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि बऱ्याच परीक्षा त्यानंतर असतात, म्हणून परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा.

रोजच्या गोष्टींत सगळ्यात आधी रविवार. दुकानं बंद म्हणजे बंद, स्टेशनवरची काही सोडून, त्यामुळे शनिवारी संध्याकाळपर्यंत सामान भरून ठेवा. रविवारी आणि रात्री 10 नंतर व्हॅक्युम, ड्रिल, मोठं म्युझिक नाही, काचेच्या बाटल्याही त्या दिवशी कंटेनरमध्ये टाकत नाहीत. कचरा वेगवेगळा करावा लागतो, कागद, पॅकेजिंग, ओला, उरलेला, आणि काच रंगाप्रमाणे. शहरागणिक डब्यांचे रंग थोडे बदलतात, पहिल्या आठवड्यात फ्लॅटमेटकडून समजून घ्या, कारण वेगेमधली भांडणं कचरा आणि किचनवरूनच होतात. प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन टाकू नका, बहुतेकांवर 25 सेंट डिपॉझिट असतं, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकून पावती काउंटरवर द्यायची. हिवाळ्यात खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवण्यापेक्षा दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडा, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि डिपॉझिट कापलं जातं.

प्रवासाला आधी बघा की सेमिस्टर फीमध्येच तिकीट येतंय का. नसेल तर डॉइचलँडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा मासिक पास, 2026 पासून महिन्याला 63 युरो, लोकल आणि रीजनल गाड्या सगळ्या चालतात, आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या नाही. ते दर महिन्याला आपोआप रिन्यू होतं, बंद करायचं तर त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत. विनातिकीट 60 युरो दंड आहे, मला माहीत नव्हतं हे कारण कोणी ऐकत नाही. तुमच्या नॅशनल व्हिसावर बाकीच्या शेंगेन देशांत 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं, पण पासपोर्ट जवळ ठेवा आणि ब्रिटन, आयर्लंड त्यात नाहीत हे लक्षात असू द्या.

माणसांबद्दल मात्र मला मनापासून सांगायचंय. पहिले काही आठवडे पार्ट्या आणि ओळखीपाळखी जोरात असतात, पण त्यातले बरेचसे एक्सचेंजचेच असतात, त्या देशातला एकही माणूस ओळखीचा होत नाही आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दुपारी चार-साडेचारला अंधार पडायला लागला की एकदम एकटं वाटायला लागतं. यावर चांगला उपाय म्हणजे होखशूलश्पोर्ट, युनिव्हर्सिटीचे खेळाचे क्लास, फी कमी असते आणि दर आठवड्याला तीच तीच माणसं भेटतात. जर्मन मुलं पहिल्या भेटीत मोकळी होत नाहीत, पाचव्या-सहाव्या भेटीत होतात, त्यामुळे एकाच ठिकाणी परत परत जाणं फार गरजेचं आहे. टँडम पार्टनर (एकमेकांना आपापली भाषा शिकवणारा जोडीदार) शोधा, मेन्सा म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनमध्ये जेवा, कोणी बोलावलं तर वेळेवर जा, आणि कोणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, तिथे ते अशुभ मानतात. तरीही मन लागत नसेल तर श्टुडिएरेंडेनवेर्कचं कौन्सेलिंग असतं, बहुतेक ठिकाणी फुकट, तिथे जायला अजिबात लाजू नका.

जायच्या आधी पत्त्याची नोंद काढावी लागते, आबमेल्डुंग, घर सोडायच्या एक आठवडा आधीपासून करता येते. त्याचा कागद जपून ठेवा, रेडिओ-टीव्हीची फी तुमच्या नावावर असेल तर ती आणि इन्शुरन्स, मोबाइल बंद करताना तो मागतात. ट्रान्सक्रिप्ट कोणत्या मेलवर येणार ते विचारून घ्या, युनिव्हर्सिटीचा मेल नंतर बंद होतो. आणि बँक अकाउंट सगळ्यात शेवटी, डिपॉझिट जमा झाल्यावरच बंद करा, ते यायला काही महिनेसुद्धा लागू शकतात.