मॅमोग्राफीत या चुका टाळा: स्क्रीनवर गोड दिसला म्हणून फोटो पास करू नका

जुलैतली दुपार, बाहेर धो धो पाऊस. डोंबिवलीहून लोकलने परळला आलेल्या एका मावशींच्या मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचे, चारही फोटो झाले आणि उजव्या काखेपाशी पांढऱ्या ठिपक्यांचा पुंजका दिसला. कॅन्सरची खूण तर नाही, या धास्तीने शिकाऊ मुलीचा चेहरा उतरला. मी मावशींना विचारलं, "निघताना पावडर लावली होती का?" "मग! गाडीत घाम काय कमी येतो?" ओल्या फडक्याने काख पुसली, तोच व्ह्यू परत घेतला. ठिपके गेले.

छातीच्या साध्या एक्स-रेत ही पावडर कुणाला दिसलीही नसती. तिथे शंभराच्या वर केव्ही (ट्यूबला दिलेले किलोव्होल्ट) वापरतात, मॅमोग्राफीत साधारण २५ ते ३२. मॉलिब्डेनमच्या ट्यूबमधून निघणारे कामाचे किरण १७.५ आणि १९.६ केईव्ही ऊर्जेचे. इतक्या मऊ किरणांना चरबी आणि ग्रंथी यांतला बारीक फरक कळतो, आणि मिलिमीटरच्या दशांशाएवढा कॅल्शियमचा कणही उठून दिसतो. घामोळ्यांच्या पावडरीतलं झिंक आणि डिओतलं ॲल्युमिनियमही मग तसंच उठून दिसतं. म्हणून पावडरबद्दल गाउन देतानाच विचारा, फोटो बिघडल्यावर नाही. एका रिपीटमागे ग्रंथींना साधारण १ ते २ मिलिग्रेचा डोस फुकट जातो.

पावडर निदान दिसते तरी. खरी पंचाईत न दिसणाऱ्या चुकांची. फिल्मच्या जमान्यात किरण कमी पडले की फिल्म फिकी यायची, जास्त पडले की काळी. डार्करूममधून बाहेर येतानाच आपली चूक हातात असायची. आता सॉफ्टवेअर दोन्ही फोटो सारखेच गोजिरे करून दाखवतं. कमी किरणांचा फोटो ओळखायचा तर पूर्ण झूम करून ग्रंथींचा दाट भाग बघा, रवा सांडल्यासारखा दाणेदार दिसेल. जास्त किरणांचा फोटो तर आणखीच स्वच्छ दिसतो, त्यामुळे त्याची तक्रार कधी येतच नाही. म्हणून फोटोआधी आकडे वाचायची सवय लावा: दाबलेल्या स्तनाची जाडी, केव्ही, एमएएस (किती किरण सोडले त्याचं माप), डोस. एकाच बाईच्या डाव्या-उजव्यात एमएएस दुप्पट दिसला, तर दाब कमी पडला का, ऑटो एक्स्पोजरने (किरण किती द्यायचे ते मशीन स्वतः मोजून ठरवतं) भलतीच जागा मोजली का, हे आधी तपासा. सिलिकॉनचं इम्प्लांट असेल तर ऑटोवर विसंबूच नका.

नवीन मुली सर्वांत जास्त चुकतात ते स्तन दाबून धरण्यात, आणि तेही दयेपोटी. बाईंनी "आई गं" म्हटलं की यांचा पाय दाब देणाऱ्या पेडलवरून उठतो. पण जाडी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने वाढली की पार जाणारे किरण जवळपास निम्मे होतात. मग मशीन एक्स्पोजर लांबवतं, डोस वाढतो, विखुरलेले किरण फोटो धुरकट करतात, आणि त्या लांबलेल्या वेळात ऊतक हललं तर बारीक कण पुसटतात. म्हणजे दया दाखवून आपण त्यांना जास्त किरण आणि वाईट फोटो दिला. साधारण १०० ते २०० न्यूटनमध्ये काम होतं. पण आकड्यापेक्षा त्वचा बघा, ती ताठ झाली की थांबा. पॅडल (स्तन वरून दाबणारी पारदर्शक पाटी) पकड घेईपर्यंत आपला हात काढायचा नाही, शेवटचा दाब हाताने हळूहळू द्यायचा. "मावशी, दहा सेकंद घट्ट लागेल, मग आपोआप सुटेल," एवढं आधी सांगितलं तरी खांदा निम्मा सैल पडतो. अजून पाळी येणाऱ्या बायकांना ती येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात बोलवा, दुखणं बरंच कमी होतं.

खांद्याचं एवढं का? कारण एमएलओ, म्हणजे तिरका घ्यायचा फोटो, तिथेच बिघडतो. छातीचा स्नायू रुंद त्रिकोणासारखा निपलच्या पातळीपर्यंत उतरायला हवा. तो आत वळलेला, बारीक पट्टीसारखा आला तर खांदा ताठ होता किंवा कोन चुकला. सगळ्यांना सरसकट ४५ अंश लावणं हा आपल्याकडचा लाडका आळस. उंच, सडपातळ बाईला ५०-६० लागतात, बुटक्या, भरलेल्या बाईला ३०-४०. निपलपासून मागे स्नायूपर्यंतची रेषा मोजा आणि सीसीमध्ये (वरून खाली घेतलेल्या फोटोत) निपलपासून फोटोच्या मागच्या कडेपर्यंत. सीसीतली १ सेंटिमीटरहून जास्त तोकडी पडली, तर मागचं ऊतक बाहेर राहिलंय.

मशीनचा दोषही कधीकधी असतो, नाही असं नाही. मी पूर्वी जिथे होते तिथे शनिवारी रात्री वीजबिल वाचवायला खोलीचा एसी बंद करायचे. मुंबईतला मे महिना आणि सेलेनियमचा डिटेक्टर (किरण टिपणारी पाटी)! त्याला उष्णता सोसत नाही. सोमवारी फोटोत ढगाळ पट्टे ठरलेले. असा डाग दिसला की ॲक्रिलिकचा ठोकळा ठेवून एक्स्पोजर घ्या. डाग गेला तर तो पेशंटवरचा होता. राहिला तर पॅडल पुसा, बदला, पुन्हा घ्या. तरीही तिथेच असेल तर डिटेक्टर; तापमान नीट करून कॅलिब्रेशन करा आणि इंजिनिअरला फोन लावा. मॅग्निफिकेशनला (मोठा करून घ्यायच्या फोटोला) ग्रिड, म्हणजे विखुरलेले किरण अडवणारी जाळी, काढायची आणि ०.१ मिलिमीटरचा बारीक फोकस घ्यायचा, हे घाईत विसरलं जातं.

दर आठवड्याचा फँटम (स्तनाऐवजी ठेवून फोटो तपासायचा ठोकळा) टाळू नका. आमच्याकडच्या जुन्या फँटमात ६ धागे, कणांचे ५ गट आणि ५ गाठी आहेत; निदान ४, ३, ३ दिसायलाच हवेत. तपासणीच्या आदल्या रात्री चार आठवड्यांचे आकडे एकाच पेनाने भरलेल्या वह्या मी पाहिल्यात. एक्स-रे मशीनवर नजर ठेवणाऱ्या एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळाचं) मुख्यालय आपल्याच अणुशक्तीनगरला आहे, एवढं तरी लक्षात ठेवा.

आणि अपॉइंटमेंटच्या फोनवरच जुने फोटो मागा, फक्त रिपोर्ट नाही. नाहीतर ऐन वेळी उत्तर ठरलेलं असतं: "सीडी ना? घरी माळ्यावर आहे."